ट्रेलरच्या चाकाला उटी कुठली लावायची आणि कप्प्यांची दारं वाटेत का उघडतात

दादा, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुळे सोलापुरात राहता, १४ फुटी एका ॲक्सलचा कॅराव्हॅन ट्रेलर, म्हणजे गाडीमागं ओढत न्यायची राहायची खोली, घेतलाय, भरून साधारण १२०० किलो, टायर १८५ आर १४, ओढायला स्कॉर्पिओ. उटी म्हणजे उभा ट्रेलर गडगडू नये म्हणून चाकाला लावायची पाचर. ऑनलाइन पिवळ्या प्लास्टिकच्या उट्या बघितल्यात, त्या घ्याव्या का रबराच्या, हा एक प्रश्न. दुसरा म्हणजे तुळजापूरहून परत येताना बाजूच्या सामानकप्प्याचं दार वाटेत उघडलं, घडीच्या खुर्च्या रस्त्यावर पडल्या, आत वरचे डबे, म्हणजे भिंतीला वर बसवलेली कपाटं, उघडून शेंगाचटणीची बरणी गादीवर फुटली, तर आता लॉक कुठलं बसवू. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, फूड ट्रेलर आणि आता कॅराव्हॅन असं सगळं बनवतो आणि दुरुस्त करतो, त्यामुळं सविस्तर सांगतो, जरा लांबेल पण पूर्ण वाचा, कारण यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

उटी घेताना टायर केवढा आणि खाली जमीन कसली हे बघायचं, आणि लॉक घेताना धक्का कुठल्या बाजूनं येणार ते बघायचं. हे सोडून कंपनी, रंग, रिव्ह्यू बघत बसलात तर पैसे जातील.

आधी उटीचं. गाडी बंद करून गिअरात टाकली तर इंजिन चाकं धरून ठेवतं. ट्रेलरला इंजिन नाही, गिअर नाही, कपलर, म्हणजे ट्रेलरचं पुढचं जोडायचं तोंड, गाडीमागच्या बॉलवरून उचलला की ट्रेलर दोन गोल चाकांवर उभा असतो आणि पुढं टेकायचं छोटं जॉकी व्हील, तेही गोलच. कोपऱ्याचे जे चार पाय आपण खाली सोडतो ते आत चालताना ट्रेलर डुलू नये म्हणून असतात, गडगडायला लागलेला ट्रेलर ते थांबवत नाहीत, उलट ट्रेलर सरकला तर ते पायच वाकतात आणि चेसिसचं वेल्डिंग उखडतं. बरेच जण म्हणतात की हँडब्रेक आहे की ओ मग उटी कशाला. तर ओव्हररन ब्रेकच्या ट्रेलरला, म्हणजे ज्यात कपलर मागं दाबला गेला की ब्रेक लागतात, त्यात रिव्हर्स घेताना ब्रेक आपोआप सैल व्हायची सोय असते. म्हणून असा ट्रेलर चढाकडं तोंड करून उभा केला, हँडब्रेक ओढला, तरी तो मागं यायला लागला की आधी ब्रेक सैल पडतो, मग स्प्रिंग लिव्हर अजून वर खेचते, मग धरतो, आणि तोपर्यंत ट्रेलर वीतभर मागं आलेला असतो. मागं पोरगं उभं असलं तर ती वीत फार मोठी. ७५० किलोच्या आतल्या लहान ट्रेलरना तर बरेचदा ब्रेकच नसतात. उटी पाहिजेच.

आता मापाचं. उटीची उंची टायरच्या एकूण उंचीच्या चौथा हिस्सा पाहिजे. तुमचा टायर जमिनीपासून वरपर्यंत साधारण ६५ सेंटिमीटर भरतो, म्हणजे उटी १६ सेंटिमीटरच्या आसपास. घ्यायच्या आधी टेप लावून स्वतः मोजा, कारण ऑनलाइन फोटोत सगळ्याच उट्या दणकट दिसतात, खाली उंची लिहिलेली असते ती कोण वाचत नाही. हा चौथा हिस्सा कुठनं आला ते पण सांगतो. चाक उटीवर चढायला जेवढा आडवा जोर लागतो तो उटीच्या उंचीवर ठरतो. ७-८ सेंटिमीटरची वीट लावली तर त्या चाकावर जेवढं वजन आहे त्याच्या साधारण ८० टक्के जोरात चाक वर चढून पलीकडं जातं. उंची १६ सेंटिमीटर केली तर त्याच चाकाला वजनाच्या १.७ पट जोर लागतो. उंची दुप्पट, धरायची ताकद पण दुप्पट. त्याच्यावर जाऊन उटी अजून मोठी केली तर अजून धरेल, पण ती जड होते आणि मडगार्डखाली घालता येत नाही.

रुंदी शक्यतो टायरच्या पूर्ण पट्ट्याएवढी घ्या, निदान अर्ध्याच्या वर तरी पाहिजेच. अरुंद उटी तिरकी बसली की चाक तिला बाजूला ढकलून देतं. चाकाकडची बाजू टायरच्या गोलाईसारखी थोडी आत वळलेली असली तर उत्तम.

आता जोर किती येतो तो हिशोब करा. १० फुटाला १ फूट असा उतार असेल तर तुमचा १२०० किलोचा ट्रेलर खाली यायला साधारण १२० किलोचा जोर लावतो, २० फुटाला १ फूट असेल तर ६० किलोचा. ऐकायला हे कमी वाटतं, आणि नीट मापाच्या उटीवरनं एवढ्या जोरात चाक चढत नाहीच. मग उट्या फसतात कशा, तर घसरून. चाक तिच्यावर चढतच नाही, तिलाच पुढं ढकलत नेतं. आणि दुसरं म्हणजे चाक आणि उटीत चार बोटं फट ठेवली तर ट्रेलर तेवढं अंतर पळत येऊन धडकतो, त्या धडकेचा जोर उभ्या वजनाच्या जोरापेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून उटी टायरला चिकटूनच पाहिजे, पायानं दाबून नाही तर रबरी हातोड्यानं हलकी ठोकून.

घसरणं म्हणजे खालच्या जमिनीचा प्रश्न, आणि आपल्या सोलापुरात जमिनी तऱ्हेतऱ्हेच्या आहेत. तुमच्या घरापुढं शहाबादी फरशी असेल नाहीतर काँक्रीट असेल तर तिथं भरीव रबराची उटी सगळ्यात चांगली, जुन्या टायरचं रबर दाबून बनवलेली, तीन-चार किलो वजनाची, खाली खाचा असलेली. पोकळ प्लास्टिकची उटी गुळगुळीत फरशीवर, त्यात पाणी मारलेलं असलं तर, घसरतेच. तिचा दुसरा दोष म्हणजे आपलं ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढं जातो, उटी दिवसभर उन्हात पडलेली असते, वरचा रंग पांढरट पडला की समजायचं प्लास्टिक ठिसूळ झालं, मग एक दिवस वजन आलं की चिरते. प्लास्टिक अगदीच नको असं मी म्हणत नाही, सपाट जागेवर, हलक्या ट्रेलरला, दुसरी मजबूत जोडी असताना जादाची म्हणून ठीक आहे. तुमच्या १२०० किलोला मुख्य उटी म्हणून ती घेऊ नका.

मुरमाड जागा, माळरान, नान्नजकडं जाताना लागतं तसलं, तिथं साधी रबराची उटी खड्यांवरनं सरकते कारण खडेच तिच्याखाली गोळ्यांसारखे फिरतात. आधी पायानं किंवा खोऱ्यानं सुटे खडे बाजूला करून घट्ट जमीन लागू द्या मग उटी लावा. दातेरी लोखंडी उटी मुरमात चांगली रुतून धरते, पण तीच काँक्रीटवर नेली तर घसरते आणि उन्हात मऊ पडलेल्या डांबरावर खड्डे पाडते, म्हणून लोखंडी घ्यायची तर खाली रबराचा तुकडा बोल्टनं बसवता-काढता येईल अशी करून घ्या.

आणि काळं रान. काळी माती कोरडी असली की भेगाळलेली, दगडासारखी, आणि एक वळवाचा पाऊस पडला की लोण्यासारखी. संध्याकाळी घट्ट जमिनीवर लावलेली उटी रात्री पाऊस झाला तर सकाळी अर्धी जमिनीत गेलेली असते आणि तिची उंची तेवढी कमी झालेली असते. उजनीच्या काठावर पाणी ओसरल्यावर जी मोकळी जमीन दिसते तिथं ट्रेलर न्यायची लई जणांना हौस असते, वर सुकलेली पापडी आणि खाली ओला गाळ, तिथं उटी सोडा, ट्रेलरच रुततो. तिथं वरच्या पक्क्या रस्त्यालगत थांबा आणि खाली चालत जा.

काळ्या आणि मुरमाड दोन्ही जागांसाठी मी जे करून देतो ते सांगतो, तुम्ही कुठल्याही सुताराकडनं करून घेऊ शकता. १८ एमएमच्या वॉटरप्रूफ प्लायच्या दोन फळ्या घ्यायच्या, एकेक साधारण ९० सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद. खाली कन्व्हेयर बेल्टची पट्टी स्क्रूनं मारायची, साखर कारखान्यातला काढून टाकलेला रबरी पट्टा भंगारवाल्याकडं मिळतो. फळीच्या एका टोकाला उटी खालून बोल्ट मारून कायमची पक्की करायची. आता ट्रेलरचं चाक ह्या फळीवर चढवायचं आणि उटीला टेकवायचं, दुसऱ्या बाजूनं सुटी उटी सारायची. यात गंमत अशी की ट्रेलरचं स्वतःचं वजन फळीला दाबून धरतं, उटी घसरायची तर चाकाखाली दबलेली अख्खी फळी ओढून न्यावी लागेल. वजन पण मोठ्या जागेवर पसरतं म्हणून मातीत रुतत नाही. एवढं साधं काम आहे, पण विकतच्या महागड्या उटीपेक्षा आपल्या मातीत हेच जास्त चालतं.

लाकडाची उटी करायची असेल तर बाभूळ घ्या. बैलगाडीला बाभूळ वापरायचे ते उगाच नाही, चिवट असतं, फुटत नाही. फक्त सुताराला सांगा की रेषा लांबीच्या दिशेनं ठेव, उताराच्या तोंडाला आडव्या रेषा आल्या तर उटी वजनाखाली तिथंच फाटते. ओल्या लाकडाला गुळगुळीत फरशीवर पकड नसते, तेव्हा खाली टायरच्या ट्यूबचा नाहीतर बेल्टचा तुकडा हवाच.

दगड लावू नका. दगड गोल असतो, फिरतो, आणि टायरच्या बाजूला टोचतो तो वेगळाच. आणि कधी नाइलाजानं रस्त्यावर दगड लावावा लागला तर निघताना तो उचलून रस्त्याच्या पार खाली टाका, ही माझी हात जोडून विनंती आहे. हायवेवर रात्री चाक बदलून दगड तिथंच ठेवून निघून जाणारे ट्रकवाले, ट्रॉलीवाले मी कायम बघतो, मागून अंधारात येणारा मोटरसायकलवाला त्या दगडावर जातो. ऊस चालू झाला की पंढरपूर रोडला, विजापूर रोडला हे फार होतं. आपल्याकडं उटी असली तर दगड लागतच नाही.

किती घ्यायच्या तर तुमच्या एका ॲक्सलला चार, दोन्ही चाकांना पुढून मागून. दोनच असतील आणि जागा उताराची असेल तर दोन्ही उताराच्या बाजूला, दोन चाकांना एकेक. दोन ॲक्सलवाल्या मोठ्या ट्रेलरना दोन टायरच्या मध्ये पसरून बसणारी एक्स उटी मिळते, तुमच्या कामाची नाही पण कोण वाचत असेल तर सांगतो, ती डुलणं कमी करायला छान आहे पण तिच्या भरवशावर एकटी राहू नका. टायरमधली हवा दर ५-६ अंशाला साधारण १ पीएसआय बदलते, दुपारच्या उन्हात कसलेली एक्स उटी पहाटे टायर थंड पडून आक्रसले की सैल पडलेली सापडते. साधी उटी खाली वजनावर असते, तिला हा त्रास कमी, पण आत माणसं चालून-चालून ट्रेलर हलतो त्यानं तीही थोडी सरकते, तेव्हा सकाळी एकदा पायानं दाबून बघायची सवय ठेवा.

लावायचा क्रम चुकवू नका. आधी डावी-उजवी बाजू समान करा, फळी घालायची ती आत्ताच, कारण उट्या लावल्यावर चाक उचलता येत नाही. मग उट्या लावा, गाडीचा ब्रेक हळू सोडून ट्रेलर उटीवर टेकू द्या, पुन्हा गाडीचा हँडब्रेक ओढा. मग जॉकी व्हील खाली, कपलर उघडा, वर उचला, आणि सेफ्टी चेन अजून काढू नका. कपलर बॉलवरून सुटल्यावर जरा थांबा, ट्रेलर जागचा हलत नाही हे बघा, मगच लाइटचा प्लग, ब्रेकअवेची वायर (ट्रेलर वाटेत सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) आणि शेवटी चेन काढा. चेन म्हणजे शेवटचा दोर आहे, तो सगळ्यात शेवटी सोडायचा. पुढं-मागं लेव्हल जॉकी व्हीलनं होते ती त्यानंतर, आणि कोपऱ्याचे पाय अगदी शेवटी. जोडताना बरोबर उलटं, आणि उटी कपलर लॉक होऊन चेन लागेपर्यंत काढायची नाही.

पंक्चर झालं तर ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा, पलीकडच्या चाकाला पुढून मागून दोन्हीकडं उटी, मग जॅक. एका ॲक्सलच्या ट्रेलरला एक चाक उचललं की उरलेलं एकच चाक त्याला जमिनीवर धरून असतं.

एका चाकाच्या दोन्ही उट्यांना एका नायलॉन दोरीनं जोडा आणि पिवळा रंग आणि रेडियमची पट्टी मारा. म्हणजे निघताना त्या लगेच दिसतात. आणि ह्या उट्या ठेवायच्या कुठं, तर ज्या कप्प्याचं दार सगळ्यात पुढं आणि सगळ्यात सोपं उघडतं तिथं, खाली बसवलेल्या पट्टीत अडकवून. चार किलोची सुटी उटी कप्प्यात उडत राहिली तर तीच दाराला आतून ठोकत राहते. तुमचं दार उघडलं त्यात आतल्या सामानाचा हात असायची शक्यता भरपूर आहे, तिकडं येतो आता.

कप्प्यांचं लॉक. तुम्ही लिहिलंय की लॉक मोडलं नव्हतं, नुसतं उघडलं. हे अगदी नेहमीचं आहे. खराब रस्त्यावर ट्रेलरची चेसिस पिळते, एक चाक खड्ड्यात आणि दुसरं वर, त्याबरोबर दाराची चौकट चौकोनी राहत नाही, थोडी तिरकी होते. साध्या कॅम लॉकची, म्हणजे किल्ली फिरवली की आडवी फिरून अडकणाऱ्या लॉकची, जीभ चौकटीत चार-पाच एमएमच अडकलेली असेल तर त्या एका क्षणात ती बाहेर येते, आणि नंतर बघितलं तर लॉक तसंच शाबूत दिसतं. म्हणून पहिलं काम नवीन लॉक आणायचं नाही, दार उघडून जीभ किती आत जाते ते मोजायचं. ८ ते १० एमएम तरी पाहिजे. कमी असेल तर लांब जिभेचं कॅम मिळतं ते बसवा, आणि मोठ्या दाराला एकच लॉक मध्यभागी न ठेवता दोन्ही कोपऱ्यांजवळ दोन करा. खर्च करायची तयारी असेल तर कॉम्प्रेशन लॅच घ्या, जे फिरवल्यावर दाराला आत ओढून रबरावर दाबून बसवतं, त्याला चौकट पिळली तरी रबराच्या दाबामुळं थोडी सूट मिळते.

दुसरं, बिजागरी कुठल्या बाजूला आहे. बाजूच्या दाराची बिजागरी पुढच्या कडेला म्हणजे गाडीच्या दिशेला असली तर लॉक सुटलं तरी चालत्या गाडीचा वारा दाराला दाबून धरतो. बिजागरी मागच्या कडेला असली तर तोच वारा आत शिरून दार उलट्या छत्रीसारखं उघडून टाकतो आणि शेजारून जाणाऱ्याला लागतं. वर बिजागरी असलेल्या दाराला गॅस स्ट्रट, म्हणजे गाडीच्या डिकीला असतो तसला दार उचलणारा दांडा, असतो, तो बंद असताना दाराला दाबून धरतो पण दार ठराविक पल्ल्याच्या पुढं गेलं की तोच ढकलून पूर्ण उघडतो. ह्या दोन्ही प्रकारांना एका लॉकवर सोडायचंच नाही, बाहेरून एक टॉगल क्लॅम्प (दांडी दाबून कसायची कडी) नाहीतर साधा टॉवर बोल्ट आणि त्यात पिन, असं दुसरं काहीतरी हवंच. दिसायला जुनाट दिसतं, पण ट्रकच्या फाळक्याला इतकी वर्षं तेच धरतंय.

किल्लीचं एक सांगून ठेवतो. अमेरिकेत बऱ्याच आरव्हींच्या, म्हणजे राहायच्या गाड्यांच्या, बाहेरच्या कप्प्यांना सीएच ७५१ नंबरची एकच किल्ली चालते, म्हणजे शेजाऱ्याच्या किल्लीनं तुमचा कप्पा उघडतो. आपल्याकडं पेठेत मिळणाऱ्या स्वस्त कॅम लॉकचंही तसंच, एका पेटीतल्या सगळ्यांना एकच किल्ली असू शकते. घेताना किल्लीवरचा नंबर बघा आणि वेगवेगळे नंबर मागून घ्या. आणि लॉकमध्ये तेल सोडू नका, आपल्या धुळीत तेल पडलं की आत चिखल होऊन किल्ली फिरत नाही, ग्रॅफाइटची पावडर टाका.

धुळीवरनं आठवलं. चालत्या ट्रेलरच्या मागं हवा विरळ होते आणि ती धूळ आत ओढते, म्हणून मागच्या दाराच्या कप्प्यात सगळ्यात जास्त धूळ भरते. डी आकाराचं पोकळ रबर बीडिंग चौकटीला सलग लावा, जोड खालच्या बाजूला मध्यावर ठेवा, कोपऱ्यावर नको. फार जाड बीडिंग लावून दार जबरदस्तीनं दाबू नका, दाराचा मधला भाग फुगतो आणि लॉकवर कायम ताण राहतो. उन्हात रबर दाराला चिकटतं त्याला थोडी टाल्कम पावडर लावली की भागतं.

आता धक्क्याचा हिशोब, ज्याच्यासाठी मी वर म्हणालो की दिशा बघा. युरोपात माल बांधायचा जो ईएन १२१९५ नियम आहे त्यात धरतात की पुढं वजनाच्या ८० टक्के जोर येतो, बाजूला आणि मागं ५० टक्के. हा जोराच्या ब्रेकचा आणि वळणाचा हिशोब आहे. म्हणजे २० किलोची पेटी करकचून ब्रेक मारला की पुढं १६ किलोच्या जोरानं जाते. ॲक्सलच्या मागं जो भाग लोंबतो तिथं खड्ड्यात वरखाली उडी सगळ्यात जास्त बसते, सामान अधांतरी उडून परत आदळतं. आता घरातल्या मॉड्युलर किचनचं चुंबक किंवा सॉफ्ट क्लोज चॅनेल ह्या कशासाठीच बनवलेलं नाही, ते फक्त घरातलं दार मिटून ठेवायला आहे. तुमचे वरचे डबे उघडले ते नक्की चुंबकावर असणार.

त्याला पुश लॉक लावा, म्हणजे बटण दाबलं की आत जाऊन जीभ बाहेर येते, परत दाबलं की सुटतं. बोटीत आणि कॅराव्हॅनमध्ये हेच वापरतात, आणि बटण बाहेर आलेलं दिसलं की लॉक लागलं नाही हे लांबून कळतं. ड्रॉवरला लॉक-इन लॉक-आउट चॅनेल, म्हणजे बंद आणि उघडं दोन्ही जागी अडकून राहणारं, मिळतं ते, नाहीतर प्रत्येक ड्रॉवरला छोटी कडी. वरच्या डब्यांच्या आत पुढच्या कडेला ४-५ सेंटिमीटर उंचीची आडवी पट्टी मारा, दार उघडलं तरी बरणी लगेच खाली येत नाही. आणि खरं सांगायचं तर काचेची बरणी वरच्या डब्यात ठेवायचीच नाही. वर कडक भाकरी, कपडे, उशा असलं हलकं. चटणी, तेल, डाळी, कुकर सगळं खाली ॲक्सलच्या आसपास. ताटं-वाट्यांच्या मधे टेरी टॉवेल घाला, आपल्या गावात त्याला काय तोटा. अंथरायची चादर घडी करून कप्प्यातली मोकळी जागा भरून टाका, कारण ज्या सामानाला हलायला जागाच नाही ते दाराला ठोकत नाही. बाहेरच्या कप्प्यात खुर्च्या, टेबल रॅचेट पट्ट्यानं (दांडी हलवून आवळायचा पट्टा) आतल्या कड्याला बांधा. लवचिक बंजी दोरी हलक्या सामानाला ठीक, जड सामानाला ती ताणते आणि सामान पुढं जाऊ देते. दाराच्या लॉकवर सामानाचा भार यायलाच नको, लॉक फक्त दार धरायला असावं.

कप्पे भरताना अजून एक बघा. मागचे कप्पे मोठे आणि हाताला सोपे असतात म्हणून सगळं जड तिथं जातं, मग पुढचा हुक, म्हणजे कपलरकडचं टोक, हलका पडतो आणि ८० च्या स्पीडला ट्रेलर मागं शेपटीसारखा डुलायला लागतो. अमेरिकेत हुकावर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात, युरोपातल्या हलक्या कॅराव्हॅनला ५ ते ७ टक्के. तुमच्या कपलरच्या आणि गाडीच्या हुकाच्या प्लेटवर जेवढं कमाल लिहिलंय त्याच्या आत राहून निदान ७० ते ८० किलो हुकावर येऊ द्या. कपलरखाली लाकडी ठोकळा ठेवून त्याखाली वजनकाटा ठेवला की घरीच कळतं, अर्थात चाकांना उट्या लावून. पाण्याच्या टाकीतला प्रत्येक लिटर म्हणजे एक किलो, टाकी मागं असेल तर भरून नेऊ नका, पोचल्यावर भरा. अर्धी भरलेली टाकी आतल्या आत हेंदकाळते ते वेगळंच.

गॅसच्या कप्प्याबद्दल जरा कडक बोलतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो, म्हणून सिलेंडरच्या कप्प्याच्या तळाशी बाहेर उघडणारी भोकं पाहिजेत, आणि तो कप्पा आतल्या खोलीपासून पूर्ण बंद पाहिजे. त्याच कप्प्यात बॅटरी ठेवायची नाही, एक ठिणगी बस होते. घरचा १४.२ किलोवाला सिलेंडर भरलेला ३० किलोच्या आसपास जातो, तो पट्ट्यानं धरून ठेवणं अवघड, ५ किलोवाला घ्या. उभाच ठेवायचा, खाली बसक्या कड्यात आणि वर एक पट्टा, आणि गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. बरेच जण तळाची भोकं धूळ येते म्हणून चिंध्या कोंबून बंद करतात, असं कधीच करू नका, जाळी लावा.

निघताना प्रत्येक दार हातानं दाबून नाही तर बाहेर ओढून बघा, दाबल्यावर सगळीच दारं बंद वाटतात. मग पहिले २०-२५ किलोमीटर गेल्यावर एकदा थांबून सगळी लॉक आणि पट्टे परत बघा, सामान बसतं आणि पट्टे तेवढ्यात सैल पडतात. तुळजापूरकडं जाणार असाल तर घाटाच्या आधी थांबा.

आता तुमच्यापुरतं सांगायचं तर दोन फळीवाल्या उट्या करून घ्या, दोन भरीव रबराच्या १६ सेंटिमीटरच्या विकत घ्या, आणि दाराला नवीन लॉक आणायच्या आधी मला एवढं कळवा, उघडलेल्या त्या दाराची बिजागरी गाडीच्या बाजूला आहे का मागच्या बाजूला, लॉकची जीभ चौकटीत किती एमएम जाते, आणि गॅसच्या कप्प्याला खाली भोकं आहेत का. भोकं नसतील तर सिलेंडर आजच बाहेर काढून ठेवा, बाकीचं आपण नंतर बघू.